कॉइलिंग चांगलं झालं, मग तिसऱ्या दिवशी दादा गप्प का झाला?

प्रश्न : माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा. बीपीच्या गोळ्या मनात आलं तर घ्यायचा, सिगारेट सुटली नव्हती. एका रविवारी संध्याकाळी जड बॅग माळ्यावर चढवताना त्याच्या डोक्यात एकदम कळ आली. खाली बसला, उलटी झाली, काही क्षण शुद्ध हरपली. जवळच्या डॉक्टरांनी मायग्रेन सांगून इंजेक्शन दिलं. बरंही वाटलं, मान मात्र आखडलेलीच राहिली. गुरुवारी सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. तरी तिथल्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचा हट्ट धरला, आणि मग अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या तपासणीत, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीवरचा सहा मिलिमीटरचा फुगा फुटलेला सापडला. शुक्रवारी कॉइलिंग झालं, म्हणजे नळीतून बारीक तारा सोडून फुगा आतून भरला, 'छान झालं' म्हणाले. शनिवारी दादा आमच्याशी गप्पा मारत होता. सोमवारी तो एकाएकी गप्प झाला, नुसता बघत राहायचा, उजवा पाय उचलेना. आधी बीपी उतरवायची औषधं चालू होती, आता डॉक्टर ते मुद्दाम चढवायला लागले! आज दोन महिने झाले. पाय सुधारला. पण तो दिवसभर झोपतो, सांगितलेलं विसरतो, चिडतो. वहिनी म्हणते हॉस्पिटलने घोळ घातला, डोकं उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावली असती तर कायमचं मिटलं असतं. मला वाटतं आपणच चार दिवस घालवले. मी ४१ वर्षांची आहे, मीही तपासून घेऊ का? आता जरा डोकं दुखलं की धडकी भरते. आमची आई ५२व्या वर्षी डोकं धरून कोसळली आणि त्याच रात्री गेली. तेव्हा कुणी काही तपासलं नव्हतं.
– एक बहीण

उत्तर : ताई, वहिनींचा आक्षेप आधी घेते, कारण घरात त्यावरूनच धुसफूस चाललेली दिसते.

दिवस कुठून मोजायचे, इथेच सगळी गफलत आहे. तुम्ही घरचे कॉइलिंगपासून मोजताय. शुक्रवारी प्रोसिजर, सोमवारी बिघाड, म्हणजे प्रोसिजरमध्येच काहीतरी चुकलं. आयसीयूतली माणसं रविवारच्या कळेपासून मोजतात. त्यांच्या हिशेबाने तो सोमवार आठवा दिवस होता, आणि फुगा फुटून मेंदूभोवती रक्त सांडण्याच्या या आजारात सातवा ते दहावा दिवस कुप्रसिद्ध आहे.

होतं असं. मेंदूला वेढणाऱ्या पातळ आवरणाखाली पाणी असतं आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याच पाण्यातून जातात. त्यांच्या फाट्यावर, जिथे भिंत कमकुवत असते, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबला यावा तसा फुगवटा येतो. तो फुटला की रक्त जोराने त्या पाण्यात पसरतं. कळ येते ती त्या क्षणी. कॉइलने भोक बुजलं, ते पुन्हा फुटायची भीती गेली, हे खरंच. पण रविवारी सांडून गेलेलं रक्त कॉइलने उचलून नेलं नाही. ते रक्तवाहिन्यांभोवती तसंच राहतं, दिवसेंदिवस विघटित होतं आणि त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी वाहिन्यांच्या भिंती चिडतात, आकसतात. याला व्हॅसोस्पाझम म्हणतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो, सात ते दहा दिवसांत भरात असतो, दोन आठवड्यांनंतर ओसरतो. त्यामुळे, आणि रक्त गोठण्यासारख्या आणखी काही कारणांमुळे, मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडतं. असा उशिराचा फटका साधारण दर तिघांतल्या एकाला बसतो. प्रोसिजर निर्दोष झालेली असली तरी बसतो.

दादाचा फुगा पुढच्या बाजूचा. ज्या वाहिन्या तिथे जोडल्या जातात त्या कपाळामागच्या भागाला आणि पाय हलवणाऱ्या पट्ट्याला रक्त देतात. पाय उचलेना आणि बोलायची इच्छाच उरली नाही, या दोन्ही गोष्टी त्याच पुरवठ्यातल्या. अबोलपणा फार फसवा असतो. नातेवाइकांना वाटतं थकलाय, झोपू दे. आयसीयूतल्या सिस्टर दर तासाला उठवून तेच तेच विचारतात: नाव सांगा, महिना कोणता, दोन्ही हात समोर धरा, पाय माझ्या हातावर दाबा. रात्री दोनलासुद्धा. घरच्यांना याचा राग येतो, मला तो अनेकदा ऐकावा लागलाय. पण मशीन काही दाखवायच्या आधी त्या चार प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर अडखळतं आणि तेवढ्यावरून पुढची धावपळ सुरू होते.

आता बीपीचं. तुम्हाला जे उलटसुलट वाटलं ते अगदी तर्काला धरून होतं. फुगा उघडा असेपर्यंत दाब वाढला तर तो पुन्हा फुटू शकतो. ही दुसरी फूट बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत होते, त्यातही पहिल्या काही तासांत, आणि पहिलीपेक्षा कितीतरी जीवघेणी असते. म्हणून तोवर बीपी आवरतात, फार खाली मात्र जाऊ देत नाहीत, कारण सुजलेल्या मेंदूलाही रक्त लागतं. फुगा बंद झाला की ती भीती संपते. मग वाहिन्या आकसल्या तर त्यांच्यातून रक्त पुढे ढकलायला दाबच कामी येतो, म्हणून औषधाने तो चढवतात. त्यानेही भागलं नाही तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून आकसलेल्या वाहिनीत थेट औषध सोडतात, कधी बारीक बलूनने ती रुंद करतात. दादाचा पाय सुधारला म्हणता, म्हणजे तिथल्या टीमने हे वेळेत ओळखलं. घोळाची खूण मला यात दिसत नाही.

डिस्चार्ज कार्डावर निमोडिपिन या गोळीचं नाव असेल, ती मेंदूचं हे उशिराचं नुकसान कमी करायला देतात. साठ मिलिग्रॅम, दर चार तासांनी, एकवीस दिवस, मध्यरात्री आणि पहाटेसुद्धा उठवून. १९८९ साली ब्रिटनमध्ये ५५४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. मेंदूचा भाग रक्ताविना मरण्याचं प्रमाण औषध न मिळालेल्यांत ३३ टक्के होतं, मिळालेल्यांत २२ टक्के. गंमत म्हणजे अँजिओत बघितलं तर वाहिन्यांचं आकसणं या गोळीने फारसं कमी झालेलं दिसत नाही, तरी रुग्णाचं भलं होतं. बीपी घसरलं तर डोस विभागून दर दोन तासांनी तीस देतात. शक्यतो बंद करत नाहीत.

मग चार दिवस गेले त्याचं काय? गेले ते वाईटच झालं, खोटा दिलासा देणार नाही. त्या चार दिवसांत फुगा पुन्हा फुटला असता तर आज हे पत्र वेगळं असतं. पण ते तुमच्या माथी मारू नका. तुम्ही डॉक्टरकडे नेलं होतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्राने २००४ साली आपल्या ४८२ रुग्णांचा धांडोळा घेतला, तेव्हा त्यातल्या ५६ जणांचं निदान पहिल्या भेटीत हुकलेलं आढळलं. सगळ्यांत जास्त वेळा त्यावर मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी असा शिक्का बसला होता, आणि मुख्य चूक होती ती स्कॅनच न करण्याची. इंजेक्शनने बरं वाटलं यावरूनही काही सिद्ध होत नाही. वेदनाशामक वेदना शमवतं, ती कशामुळेही असो. दादाच्या बाबतीत चाळिशीपुढचं वय, जोर लावताना आलेली कळ, हरपलेली शुद्ध आणि आखडलेली मान हे सगळं एकत्र होतं. अशा अचानक उठलेल्या कळेसोबत यातलं एक जरी असलं तरी स्कॅनचा विचार करायचा असतो. पहिल्या डॉक्टरांबद्दल तुमच्या मनात कडवटपणा असेल तर तो मी पुसायला जाणार नाही.

सीटी नॉर्मल आला हे मात्र मशीनचं अपयश नव्हे. ताजं रक्त सीटीत पांढरं उठून दिसतं, मग ते पाण्यात विरत जातं, फिकट होतं. कॅनडातल्या ११ हॉस्पिटलांमधल्या ३,१३२ रुग्णांचा अभ्यास २०११ साली छापून आला. कळ आल्यापासून सहा तासांच्या आत ज्यांचा स्कॅन झाला, त्यांच्यातला एकही रक्तस्राव सुटला नाही. सहा तासांनंतर स्कॅन झालेल्यांत तोच भरवसा ८६ टक्क्यांच्या आसपास आला. आठवडा उलटला की निम्म्या रुग्णांत काही दिसत नाही. त्यामुळे 'सीटी नॉर्मल' या दोन शब्दांना अर्थ येतो तो कळ किती वाजता आली आणि स्कॅन किती वाजता झाला हे सोबत लिहिलं तरच. याला आणखी एक शेपूट आहे. पहिल्या स्कॅनमध्ये रक्ताचा थर जाड दिसला तर पुढे व्हॅसोस्पाझमचा धोका जास्त, असा ठोकताळा १९८० सालापासून वापरात आहे. दादाचा रविवारचा स्कॅन झालाच नाही. मुळात किती रक्त सांडलं होतं हे गुरुवारच्या फिल्मवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

ज्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचा हट्ट धरला, त्यांना माझा मनापासून नमस्कार. नातेवाईक या तपासणीला फार घाबरतात, 'सुई मणक्यात गेली तर पाय जातील' म्हणतात. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. पाणी थेंबाथेंबाने तीन-चार छोट्या नळ्यांत ओळीने घेतात. निरोगी माणसाचं पाणी नितळ असतं. सुई टोचताना एखादी बारीक नस दुखावली तर पाणी लाल येतं, आणि बहुधा पहिल्या नळीत जास्त लाल, शेवटच्या नळीत कमी. जुन्या रक्तस्रावाचं पाणी मात्र यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवल्यावरही वर पिवळसर राहतं. हा पिवळा रंग सुईच्या रक्ताने तिथल्या तिथे येऊ शकत नाही. तांबड्या पेशी फुटून, त्यातलं हिमोग्लोबिन शरीरात मोडून बिलिरुबिन व्हायला साधारण बारा तास लागतात. म्हणूनच ही तपासणी कळेनंतर लगेच केली तर फसवते. एकदा आलेला पिवळेपणा दोनेक आठवडे टिकतो. गुरुवारी सीटी थकला होता, ही नळी ऐन भरात होती.

क्लिप की कॉइल हा वाद तुमच्या घरापुरता नाही, सर्जनांमध्येही तो वर्षानुवर्षं रंगलाय. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली फुग्याच्या मानेवर पहिली क्लिप लावली, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं डोकं उघडणं हाच भरवशाचा मार्ग होता. १९९०च्या सुमारास ग्युदो गुग्लिएल्मी यांची कॉइल आली. केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार नळीतून फुग्यात सोडायची, विजेच्या सौम्य प्रवाहाने ती तिथेच सुटी करायची, आणि फुगा भरेपर्यंत एकामागून एक तारा भरायच्या. दोन्ही पद्धती ज्यांना चालण्यासारख्या होत्या अशा २,१४३ रुग्णांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. वर्षाच्या शेवटी मृत्यू किंवा परावलंबित्व क्लिपच्या गटात ३०.६ टक्के, कॉइलच्या गटात २३.७ टक्के. म्हणजे दादासारख्याला आधी कॉइलचा विचार झाला, ते सरळ आणि योग्य होतं. वहिनींचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे: क्लिप अधिक पक्की. कॉइल पुढे कधी दबू शकते, फुगा थोडा पुन्हा उघडू शकतो, त्यामुळे काही महिन्यांनी आणि त्यापुढेही अँजिओ करून बघत राहावं लागतं. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर असेल, ती चुकवू नका. फुग्याची मान रुंद असेल, मेंदूत रक्ताची मोठी गुठळी असेल, तर आजही डोकं उघडणंच बरं पडतं. प्लॅटिनमच्या कॉइलमुळे पुढे एमआरआय करायला सहसा अडचण नसते, फक्त कॉइलचं कार्ड जपून ठेवा आणि दर वेळी दाखवा.

घरातल्या दादाकडे वळू. थकवा, विसराळूपणा, माणूस बदलल्यासारखा वाटणं हे या जागेच्या फुग्यानंतर वरचेवर दिसतं, आणि आळस म्हणून त्याला टोचून बोलण्यात अर्थ नाही. बऱ्याच जणांत ते महिन्यामहिन्याने, कधी वर्षभर सुधारत राहतं. पण 'होईल हळूहळू' म्हणून सोडायच्या आधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, मेंदूत पाणी साठणं. सांडलेल्या रक्ताने पाणी शोषायच्या वाटा बुजतात आणि हे कधी कधी आठवड्यांनी, महिन्यांनी वर येतं. दिवसभर झोप, मंदपणा, पाय घासत चालणं, लघवीवरचा ताबा सुटणं, अशी लक्षणं जुळत असतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. साध्या सीटीत कळतं, आणि शंट, म्हणजे साठलेलं पाणी वळवणारी बारीक नळी, बसवला तर माणूस पुन्हा जागा झाल्यासारखा होतो. दुसरी, गोळ्यांची यादी. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासेटाम चालू असेल तर त्या गोळीने चिडचिड आणि झोप दोन्ही येतात. अनेकांना ती थोड्याच काळासाठी दिलेली असते आणि पुढे कुणी बंद करायची आठवण ठेवत नाही. स्वतःहून थांबवू नका, 'अजून लागते का' एवढं विचारा. तिसरी, नैराश्य. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाने आनंदातच असलं पाहिजे अशी घरच्यांची अपेक्षा असते, त्याला मात्र रात्री झोपताना पुन्हा फुटेल का ही भीती असते. त्यालाही उपचार आहेत. बाकी, बीपी रोज लिहून ठेवायचं आणि सिगारेट बंद. यावर चर्चा नको.

आता तुमचं. भाऊ एकटाच असता तर मी म्हटलं असतं, सरसकट स्कॅन करायची गरज नाही. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेक तो घेऊनच म्हातारे होतात. एकाच नातेवाइकामुळे ते प्रमाण फार बदलत नाही. पण आईबद्दल तुम्ही शेवटी जे दोन ओळींत लिहिलंय, त्याने माझं उत्तर फिरलं. खात्री करायला आता मार्ग नाही, मात्र ५२व्या वर्षी डोकं धरून कोसळणं आणि त्याच रात्री जाणं या चित्रात फुटलेला फुगा अगदी चपखल बसतो. रक्ताच्या नात्यातल्या, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यातल्या दोघांना हा आजार झाला असेल तर तपासणी करावी असंच सांगितलं जातं. अशा घरांत शंभरातल्या आठ-दहा जणांकडे फुगा सापडतो. तुम्ही एमआर अँजिओ करून घ्या. त्याला सुई लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. इतर भावंडं असतील तर त्यांनाही हे सांगा, दादाची मुलं मोठी झाली की त्यांनाही. घरात कुणाला दोन्ही मूत्रपिंडांत गाठींचा आजार असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्या आजारात फुगे जास्त आढळतात.

सापडलाच, तर लगेच डोक्याला हात लावून बसू नका. दोन-तीन मिलिमीटरचा न फुटलेला फुगा पुष्कळदा नुसता नजरेखाली ठेवतात. बंद करायचा की नाही हे त्याचं माप, जागा, आकार, तुमचं वय, बीपी, धूम्रपान आणि ही कौटुंबिक पार्श्वभूमी बघून ठरतं, आणि बंद करण्यातही धोका असतो हे मोजूनच. नाही सापडला तरी तो दाखला कायमचा नाही. पाच-सात वर्षांनी पुन्हा बघावं लागतं.

रोजच्या डोकेदुखीला घाबरायचं कारण नाही. संध्याकाळी हळूहळू चढणारी, कपाळ आवळणारी, झोपेने उतरणारी डोकेदुखी या आजाराची नव्हे. वेगळी ती, जी सेकंदांत, फार तर मिनिटभरात कळस गाठते, 'आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं' असं म्हणायला लावते. किंवा दुखण्यासोबत एका डोळ्याची पापणी पडते, बाहुली मोठी होते, एकाची दोन दिसतात. तसं झालं तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, स्वतः गाडी चालवू नका, जिथे चोवीस तास सीटी आणि न्यूरोसर्जन आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि दारातच सांगा की भावाला हे झालंय आणि आईला बहुधा झालं होतं.